हिलालच्या उशाशी

सारोळे, ता. पाचोरा
चैत्र वद्य चतुर्दशी, १९४५

सगळ्यांच्या आधी कोण टपकलं असेल, सांग बरं कमल? वच्छलाबाई! हिलालने हातातली ट्रंक खाली ठेवली नव्हती, पायातले बूट काढले नव्हते, आणि ही आपली पिठाच्या हातांनी दारात उभी. "कोठे शे मना शिपाई? तोंड तरी दखाड रे बाप्पा!" शेजारीण म्हणजे सावलीच की. मला माझ्या नातवाच्या गालाला हात लावायला मिळाला तो तिच्यानंतर.

हो, आला तुझा नवरा! शनिवारी आला. पत्र आधी टाकायचं होतं, पण माणसांचा रेटा सुरू झाला तो अजून थांबलेला नाही. वच्छलाबाईमागून तिची सुमन, मग पोलीसपाटील, मग वरच्या आळीतले, मग ज्यांना मी आयुष्यात पाहिलं नाही असे. एक म्हातारा तर भडगावाकडून बैलगाडी जुंपून आला. त्याचाही मुलगा बर्म्याच्या लढाईवर आहे, हिलालला दिसला होता का विचारायला. आता बर्मा म्हणजे काय आपलं पाचोऱ्याचं स्टेशन आहे, की या टोकाला उभं राहिलं तर त्या टोकाचं माणूस दिसावं? पण हिलालने त्याला जवळ बसवलं, मुलाचं नाव दोनदा विचारून घेतलं. चांगल्या वळणाचा आहे हो आपला पोरगा. चहा मी गुळाचा केला, रेशनची साखर पहिल्याच दिवशी संपली.

काल पाटील पुन्हा आले. जर्मन हरला म्हणून सगळ्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. मी म्हटलं, झालं, आता कशाला परत जायचं? हिलाल म्हणाला, "मोठीमाय, ते युद्ध वेगळं, आमचं वेगळं. आमचा जपान अजून बाकी आहे." असं म्हणाला, जसं कोणी म्हणतं की आमचं निंदणं अजून बाकी आहे. ज्येष्ठ लागला की हजर व्हायचंय त्याला.

वाळलाय. पण कामसू किती झालाय म्हणून सांगू! पहाटे मी उठते तो गोठा झाडलेला, पाणी भरलेलं. एक दिवस तर पावसाळ्यासाठी ठेवलेली सगळी लाकडं फोडून भिंतीला रचून ठेवलेली. पुना, तुझे सासरे, म्हणाले, "लष्कराने माणूस केला याला." तिकडे हा मालाच्या लॉऱ्या चालवतो, तुला माहीतच आहे. आधी पाचोऱ्याच्या जिनिंग कारखान्यात कापसाची लॉरी होती हाताखाली, आता सरकारची.

दुपारी मात्र जरा डोळा लागतो त्याचा, बसल्या बसल्या. मग मी उठवते. माणसं एवढ्या उन्हातून येतात, त्यांना झोपलेलं तोंड काय दाखवायचं?

तू आखाजीच्या सणाला माहेरी आहेस ते बरंच आहे. मन भरून झोके घे. लेकीला दात येतोय म्हणून लिहिलंस, त्या दाताची गोष्ट मी सगळ्या आळीत सांगून आले. हिलालला थोडी कणकण आहे, प्रवासाची. आखाजी झाली की तो तुला न्यायला येईल. तुझे वडील वना आबा आणि आत्या भिकुअक्का, दोघांना नमस्कार. पत्र मीच लिहिते आहे, दोन दिवस लागले. तुझे आजेसासरे रेल्वेत रुळांचे काटे ओढायचे, त्यांनी शिकवलेली एवढीच विद्या.

यशोदाबाई


सारोळे
वैशाख शुद्ध चतुर्थी

तुझ्या चार ओळी मिळाल्या. "ते आले आणि इकडे आले नाहीत, आबा विचारतात." बस. लेकीबद्दल एक अक्षर नाही. रागावलीस ना? राग. तुझ्या वयात मीही रागावत होते. माझा राग आमटीत मीठ जास्त टाकून निघायचा.

काल अक्षय्य तृतीया, आपली आखाजी झाली. सांजोऱ्या तळल्या, घागर भरली. आपल्या पितरांची एकच घागर असते, ती मांडली, आंबा आणि खरबूज ठेवलं. तर हिलाल म्हणतो, "अजून एक मांड." कोणाची रे? "धनाची." हा धना कोण म्हणशील तर रावेरकडचा, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावचा पोरगा. याच्या लॉरीच्या पुढची लॉरी तो चालवायचा. मी म्हटलं, त्याच्या घरी भरतील की त्याचे लोक. "त्यांना अजून कळलं का नाही, ठाऊक नाही." मांडली मग. आपल्या ओट्यावर काल दोन घागरी होत्या आणि वच्छलाबाईने तीनदा विचारलं, दुसरी कोणाची म्हणून. मी म्हटलं, पाहुण्याची.

आता तुला एक सांगते, आबांना वाचून दाखवू नकोस. कणकण काही नाही त्याला. हिलाल झोपत नाही.

म्हणजे अजिबातच नाही असं नाही. पडतो, डोळे मिटतो, आणि मांजराने उडी मारावी तसा उठून उभा राहतो. मग अंगणात फेऱ्या. लाकडं का फुटली, गोठा का झाडला जातो, ते मला आता कळलं. मी खुळी, कौतुक करत होते. जेवताना घास हातात राहतो. परवा पुनाने त्याला बैलगाडी हाणायला दिली, तर सरळ रस्ता सोडून बाभळीत घातली. हसला वर, म्हणाला, "दोन रस्ते दिसले, मी चुकीचा निवडला." पुना हसले. मला हसू येईना. कारण ज्येष्ठात हा परत त्याच डोंगरात लॉरी चालवणार. तिथे बाभूळ नाही कडेला, खोल दरी आहे म्हणे, तळ दिसत नाही अशी. असे डोळे घेऊन हा तिथे गेला तर, कमल... पुढे लिहीत नाही.

दृष्ट काढली. मीठमिरच्या उतरल्या, ठसकासुद्धा लागला नाही, म्हणजे दृष्ट जबर आहे. मग मी तेच केलं जे माझ्या सासूने पुनासाठी केलं होतं: उशाखाली लोखंड. घरातला विळा धुऊन, हळद लावून त्याच्या उशाखाली ठेवला. वाईट स्वप्न लोखंडाला भितं. त्याला सांगितलं नाही, लष्करातली माणसं अशा गोष्टींना हसतात.

दोन दिवसांत गुण येईल. मग तो तुझ्याकडे निघेलच.

यशोदाबाई


सारोळे
वैशाख शुद्ध नवमी

अक्षर वाकडं आहे, समजून घे. भाजी चिरताना मनगटाला विळा लागला. फार नाही. वच्छलाबाईने हळद दाबून चिंधी बांधली आणि तोंडाने जे सुनावलं ते वेगळंच.

विळा मी उशाखालून काढून टाकलाय. नुसता काढला नाही, पुनाला शेतावर ठेवायला दिलाय. घरात आता धारेचं काही वर ठेवत नाही. अडकित्ता नको म्हणून सुपारीसुद्धा आमच्याकडे कोणी खात नाही सध्या.

माणसांना मी बंद केलं. दाराशी बसते, कोणी आलं की ओठावर बोट. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा उतरवल्या. कुत्र्याला शेतावर नेऊन बांधलं. पेरणीच्या बियाण्याच्या शेंगा फोडायला बायका आपल्या ओसरीत बसतात ना दरवर्षी, त्यांनाही सांगितलं, यंदा नको बायांनो, माझ्या पोराला शांतता हवी आहे. सुमन फणकारली, "मंग शेंगा काय मुक्यानी फोडू?" फोड म्हटलं तुझ्या घरी. घर असं शांत केलंय की चुलीतली राख पडली तरी ऐकू येते.

तरी झोप नाही. उलट वाढलं. नुसता कान देऊन बसतो. काय ऐकतोस रे? "काहीच नाही ना, तेच."

तू आत्ताच येऊ नकोस. बैल लंगडतोय, पुनाला स्टेशनवर गाडी आणता येणार नाही. आबांना असं सांग. लेकीचा दात आला का पूर्ण?

यशोदाबाई


सारोळे
वैशाखी पौर्णिमा, रविवार

तुझं पत्र वाचलं आणि दिवसभर तोंडात पाणी घेतलं नाही. "त्यांनी तिकडे दुसरी केली असेल तर तसं सांगा, मी लेकीला घेऊन माहेरीच राहीन. बैल लंगडतोय हे आबांना पटलं नाही आणि मलाही नाही." बरोबर लिहिलंस. बैल धडधाकट आहे. बैलाची क्षमा मागायला पाहिजे मला.

दुसरी बाई नाही, पोरी. देवाशपथ नाही. तो येत नाही, कारण तुमच्याकडे आला तर मुक्काम करावा लागेल, आणि मुक्काम म्हणजे एका खोलीत तू, पाळणा आणि तो. पहिल्याच दिवशी मला म्हणाला होता, "मोठीमाय, त्यांना आणू नको." मला वाटलं लाजतोय. बापाला लेकीचं पहिलं तोंड पाहायची लाज वाटते कधी कधी, तुझ्या आजेसासऱ्यांनी तर पुनाला आठ दिवस नीट पाहिलंच नव्हतं. म्हणून मी तुला कणकण लिहिली.

आता मनगटाचं. भाजी नव्हती. भर दुपारी हिलालचा डोळा लागला होता आणि गोंदेगावचे पाहुणे आले. मी आपली आनंदात, दाखवायचा होता ना माझा शिपाई! गेले आणि खांदा हलवला. त्याने डोळे उघडले, पण त्या डोळ्यांत मी नव्हते. मी समोर होते आणि नव्हते. एका हाताने माझं मनगट धरलं, दुसरा उशाखाली गेला. आणि तिथे मीच हळद लावून ठेवलेलं लोखंड. विचार कर, कोणत्या बाईच्या डोक्यात येईल की लढाईतून आलेल्या माणसाच्या हाताखाली धार ठेवावी? आमच्याच. रीत आहे ना!

मनगटावर थोडं कापलं. माझ्या ओरडण्याने तो भानावर आला. मग जे झालं ते मी लिहू शकत नाही. माझा एवढा मोठा नातू जमिनीवर बसून स्वतःच्या हातांकडे बघत होता, जसे ते कोणी दुसऱ्याचे आहेत. त्या दिवसापासून तो खाटेवर पडेचना. म्हणाला, "लेक असती तर?" एवढंच.

म्हणून येत नाही तो. तुला सोडलं नाही, स्वतःला लांब बांधलंय. जसं मी कुत्र्याला बांधलं.

आता पुढचं ऐक, पुढचं बरं आहे. बियाणं फोडायचं राहिलं म्हणून पुना माझ्यावर चिडले, "रोहिणीचा वारा सुटला आणि तुमच्या शेंगा पोत्यातच." तेव्हा वच्छलाबाई मला न विचारता आली, सुमनला आणि आणखी चौघींना घेऊन. "तुनी शांतता गई खड्ड्यात, पेरणी थांबत नही." बसल्या ओसरीत पसरून. टरफलांचा कडकडाट आणि त्याहून मोठा तोंडांचा. कोणाची सून कशी भांडली, कोणाच्या कुरडया कशा काळ्या पडल्या. मी ओठावर बोट ठेवून दमले. हिलाल कोपऱ्यात भिंतीला टेकून बसला होता. आणि बोलता बोलता सुमन थांबली. "आजी, हा पाहा."

झोपला होता. मान कलती, तोंड उघडं, लहानपणी झोपायचा तसा. बायका गप्प झाल्या, आदराने म्हण. आणि त्या गप्प होताच त्याच्या पापण्या हलायला लागल्या. वच्छलाबाई हुशार हो, कितीही नावं ठेवली तरी. तिने लगेच आपल्या विहिणीची गोष्ट सुरू केली, आणि ती गोष्ट काही लवकर संपणारी नसते. पापण्या थांबल्या. दिवेलागणीपर्यंत झोपला, कमल! इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मी नाचायची बाकी राहिले होते.

जागा झाल्यावर जेवला, दोन भाकरी जास्त. मग सांगितलं मला. तिकडे जंगलात किडे, पाखरं, बेडूक सारखे ओरडत असतात म्हणे. जंगल एकदम गप्प झालं की समजायचं, कोणी तरी येतंय. आणि मी बाई घुंगरमाळा उतरवून त्याच्यासाठी तेच जंगल केलं होतं! दुसरं असं की तिकडे सगळे एकदम कधी झोपत नाहीत. एक जण जागा, त्याच्या भरवशावर बाकीचे. "आठे तुम्ही बठ्ठा एकदमच झोपी जातस," म्हणाला, "मंग ध्यान कोण ठेवस?" खरंच की, आपण सगळे एकदमच झोपतो. आजपर्यंत कधी वाटलं नाही की यात काही भिण्यासारखं आहे.

धनाचंही सांगितलं. दारूगोळा पोचवायचा होता, पाऊस, रस्ता खचलेला, आणि कित्येक रात्री कोणाची पाठ टेकली नव्हती. धना म्हणाला, मला झोप येत नाही, मी चालवतो. ज्याला फार झोप आलेली असते त्यालाच असं वाटतं, हिलाल म्हणाला. वळणावर धनाची लॉरी वळलीच नाही. सरळ गेली. ब्रेकचा आवाजसुद्धा नाही. हिलाल मागून बघत होता. तिकडच्या दवाखान्यातला डॉक्टर नंतर सगळ्यांना म्हणाला, शिपायाला बंदुकीत काडतूस लागतं तशी अंगात झोप लागते, रिकामा गेलास तर मरशील आणि सोबत्यांनाही नेशील. रजा त्यासाठीच दिली याला. घरी जा आणि झोप, म्हणून. आणि मी रजेचे पहिले दिवस त्याला उठवण्यात घालवले.

आता शेंगा संपत आल्या आहेत आणि मला धास्ती पडली आहे. वच्छलाबाई म्हणते, शेंगा संपल्या तर चिंचा आहेत, चिंचोके काढू. चिंचा संपल्या तर कुरडया. कुरडया संपल्या तर मी भांडण काढीन. रात्री मी बसते त्याच्या खाटेपासून दोन हात दूर, धान्य निवडत, काही तरी पुटपुटत. म्हाताऱ्या माणसाची झोप तशीही उडालेली असते, आता कामाला तरी आली. मधूनच तो अंधारात विचारतो, "मोठीमाय, शेस ना?" आहे म्हणते. तरीही काल दोनदा ओरडत उठला. उद्या झोपेल की नाही, मला ठाऊक नाही. सगळं बरं झालं असं मी लिहिणार नाही, आता तुला खोटं लिहायचं नाही ठरवलंय.

हे आबांना वाचून दाखवायचं की नाही, तू ठरव.

यशोदाबाई


सारोळे
वैशाख वद्य पंचमी, शुक्रवार

तुझे आबा आणि भिकुआत्या आतल्या खोलीत जरा आडवे झाले आहेत. रात्रीच्या गाडीने निघतील, तेवढ्यात हे लिहिते. अक्कांच्या हातीच देईन.

तुला न सांगता आले ना? मला दिसलंच. धुळ्याला सोयऱ्यांकडे थांबून आले, म्हणजे माझं मागचं पत्र तुझ्या हातात पडायच्या आधीच घरून निघालेले. त्यांच्या मनात अजून लंगडा बैल आणि दुसरी बायको.

भर दुपारी आले. स्टेशनपासून पायी, कारण आमच्याकडून गाडी येणार नाही असं मीच लिहिलं होतं. घामाने भिजलेले. आणि ओसरीत दृश्य काय? मधोमध खाटेवर जावई ताणून दिलेला, भोवती सहा बायका चिंचा फोडत, आणि सुमन मोठ्याने कोणाची तरी नक्कल करते आहे. दारात आपला बैल उभा, चारही पायांवर, मजेत रवंथ करत. आबांनी आधी बैलाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं.

मी पाणी दिलं, पायावर घातलं. आबा बसले नाहीत. सासरा दारात आला की जावयाने उठावं, राम राम करावा, ही रीत त्यांना ठाऊक, मला ठाऊक, चिंचा फोडणाऱ्या बायकांना ठाऊक. सगळे माझ्याकडे बघत होते. आणि मी त्याला उठवत नव्हते. कालची रात्र वाईट गेली होती त्याची, सकाळी कुठे डोळा लागला होता. दहा दिवस उरले आहेत हातात आणि पुढे तो डोंगर.

भिकुअक्कांनी पदर खोचला. "सासरा दारसे उना अन् जावाई घोरी ऱ्हायना! हाई कोठली रीत शे वं बाई? आमनी पोर काय रस्तावर पडेल व्हती?"

मी म्हटलं, अक्का, बोला. जेवढं बोलायचं तेवढं बोला. फक्त त्याला हात लावू नका.

मग बोलल्या! तुझ्या लग्नातल्या मानापानापासून धरलं. आमच्या जेवणात तूप कमी पडलं होतं तेही काढलं. आवाज तर काय, त्यांचा आवाज तुला माहीत आहे, साक्रीच्या बाजारात बोलल्या तर धुळ्याला ऐकू जावं. आणि हिलाल? कूस बदलून आणखी गाढ. शेवटी अक्का दमल्या, श्वास घ्यायला थांबल्या. तो लगेच हलला, हात उशाकडे गेला. मी घाईने म्हटलं, "चालू द्या अक्का, चालू द्या! तुम्ही थांबलात की तो उठतो." वच्छलाबाईला हसू आवरेना, तिने तोंडात चिंच कोंबली. अक्का आधी चिडल्या, मग बघत राहिल्या. "हाई काय भलतंच?" पण बोलणं सुरू ठेवलं, आता जरा नरमाईने, आपल्याला ऐकायला कोणी मिळालं म्हणून.

तेवढ्या वेळात मी आबांना अंगणात नेलं आणि चिंधी सोडून मनगट दाखवलं. सगळं सांगितलं. विळा, धना, तुला लिहिलेल्या थापा, सगळं. आबा बैलाच्या पाठीवरून हात फिरवत उभे राहिले. मग म्हणाले, "तुमचं ऐकलं, यशोदाबाई. पण तुम्ही बैल लंगडा केलात. मी त्याच्या तोंडून ऐकीन. तो उठेल तेव्हा."

आणि बसले. उन्हं उतरेपर्यंत बसले. भिंतीला टेकून, पागोटं मांडीवर घेऊन. मी जेवायला वाढलं, नको म्हणाले. सुमनने त्यांच्यापुढे चिंचांचं सूप सरकवलं, थट्टेने की काय कोण जाणे. त्यांनी एक चिंच घेतली, फोडली नाही, नुसती हातात ठेवली.

हिलाल आपला आपण उठला. सासऱ्यांना पाहिलं आणि धडपडत उभा राहून पाया पडला. कानापर्यंत लाल. आबांनी आशीर्वाद दिला नाही. सरळ विचारलं, "जावईबापू, मनी पोर आठे उनी ते तिले धोका शे का नही? खरं सांगा."

मी मनात म्हटलं, नाही म्हण रे, एवढ्या एकदा नाही म्हण.

"शे, आबा," हिलाल म्हणाला.

चिंचा फोडणं थांबलं. अक्कासुद्धा थांबल्या.

"मी झोपेत असताना कोणी हात लावला तर शे. जागा असताना नाही. कमल आली तर ती आणि लेक आत मोठीमायजवळ झोपतील, आतून कडी लावून. मी इथे ओसरीत. मला उठवायचं असेल तर लांबून, पायांच्या बाजूने, नाव घेऊन. लेकीला मी दिवसा घेईन, सगळ्यांसमोर. नाही आली तर मी समजेन. रुसणार नाही. पण आबा, मला तिला एकदा बघायचंय. लेकीला. मी तिला पाहिलेलं नाही."

आबांनी हातातली चिंच सुपात परत ठेवली. मग म्हणाले, "नाही म्हणाला असतास तर मी आत्ताच उठलो असतो आणि पोर कधी पाठवली नसती." आणि जेवायला वाढा म्हणाले. जेवताना हिलालला विचारत होते, लॉरीला तेल किती लागतं, बर्म्यात भात कसा पिकतो. अक्कांनी भाकरीला नावं ठेवली, म्हणजे बऱ्या झाल्या. आता घोरताहेत आत, त्यांच्या घोरण्यानेही हिलालचा डोळा लागेल असं वच्छलाबाई म्हणते.

मी तुला ये म्हणत नाही, कमल. म्हणावंसं फार वाटतंय, बोटं शिवशिवताहेत. लेकीला या मांडीवर घ्यायचं आहे मला, तो दात बघायचा आहे. पण आजपर्यंत मी तुला जे लिहिलं त्यात अर्धं माझ्या मनासारखं होतं, म्हणून आता फक्त जसं आहे तसं. तो पूर्ण बरा नाही. परवाची रात्र तो झोपला, कालची नाही. कडी मी स्वतः ओढून पाहिली, घट्ट बसते. घरात धार नाही. रात्री मी जागी असते, पण मी म्हातारी आहे, माझाही डोळा लागू शकतो, हेही तुला माहीत असलं पाहिजे. तुझ्या येण्याने त्याला जास्त झोप येईल की भीतीने असलेलीही जाईल, ते मला सांगता येत नाही. तो म्हणतो, झोप येईल. पण तिला कोणी तशी खात्री देऊ नका, असंही तोच म्हणतो.

आबा उठले, आतून खोकल्याचा आवाज येतोय. जोडे शोधताहेत. दारातून मला सांगून झालं: सोमवारी दुपारच्या गाडीने पुन्हा येतो, स्टेशनवर बैलगाडी पाठवा. मी विचारलं, कमलला घेऊन? तर म्हणाले, "ते तिला विचारीन. मी तर येतोच."